लाइम आजारावरील उपचार पूर्ण होऊनही थकवा आणि सांधेदुखी कायम : गोव्यात परवडणारा मार्ग कोणता?

बालवाडीताई, डिचोली

नमस्कार. माझे वय ५८ असून मी डिचोलीत राहते. पंचवीस वर्षे बालवाडी चालवली, आता ती बंद केली आहे. यजमानांचे बाजारात वह्यापुस्तकांचे छोटे दुकान आहे आणि घरखर्च त्यावरच चालतो.

गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी मी पाच महिने अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात होते. तिच्या घरामागे झाडांची दाट राई आहे आणि संध्याकाळी तेथे हरणे अगदी कुंपणापर्यंत येतात. जून महिन्यात माझ्या डाव्या गुडघ्याच्या मागे एक तांबडा डाग उठला. खाज नव्हती, दुखतही नव्हते, म्हणून गजकर्ण समजून मी सोबत नेलेले मलम लावत राहिले. आठ दिवसांत तो डाग बशीएवढा पसरला आणि अंगात कणकण भरली, तेव्हा मुलीने डॉक्टरांकडे नेले. त्यांनी डाग पाहताच गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम आजार असल्याचे सांगितले आणि रक्ततपासणीही न करता डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा अशा १४ दिवस दिल्या. गोचीड चावल्याचे मला कळलेच नव्हते. आमच्या सासरी गुरे होती, त्यामुळे गोचीड म्हटली की मला रक्त पिऊन हरभऱ्याएवढी झालेली गुरांची गोचीड आठवते. तिकडची पिल्ले मात्र खसखशीच्या दाण्याएवढी असतात, हे मला नंतर समजले.

डाग गेला, ताप गेला, मी परत आले. या गोष्टीला आता चौदा महिने झाले, पण मी पूर्वीची राहिलेली नाही. सकाळी उठतानाच दिवसभर राबल्यासारखे वाटते. सांधे दुखतात, तेही एका जागी नाही. आज खांदा, उद्या मनगट, गुडघे मात्र रोजचेच. झोप लागते, पण तिने ताजेतवाने वाटत नाही. सर्वांत अधिक भीती वाटते ती विसरण्याची. नागपंचमीला पातोळ्यांसाठी हळदीची पाने तोडायला परसात गेले आणि कशासाठी आले तेच आठवेना. एके काळी चाळीस मुलांची नावे, त्यांच्या आयांच्या नावांसकट, मला तोंडपाठ असत.

आतापर्यंत तीन खासगी डॉक्टर झाले. पहिल्यांनी वयाकडे बोट दाखवले. दुसऱ्यांना चिकुनगुनियाचा संशय आला, पण ती तपासणी नकारात्मक आली. तिसऱ्यांनी रक्त बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले, त्याचे ७,२०० रुपये झाले. अहवालात लाइमच्या जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे सापडली. त्यावरून जंतू अजून शरीरात दडलेले आहेत असे सांगून त्यांनी सहा आठवडे शिरेतून इंजेक्शने घ्यावीत असा सल्ला दिला. एकूण खर्च पावणेदोन लाखांच्या घरात जाईल. यजमान माझ्या पाटल्या गहाण ठेवायला निघाले आहेत आणि मीच त्यांना थांबवून धरले आहे.

आणखी एक गोष्ट मनाला खाते आहे. गोळ्यांच्या त्या १४ दिवसांत मी माझी नेहमीची कॅल्शियमची गोळीही त्यांच्याबरोबरच घेत होते. त्यामुळे औषध वाया गेले असेल का? ही इंजेक्शने खरोखर आवश्यक आहेत का? आणि नसतील, तर आमच्यासारख्यांनी गोव्यात कोणाकडे जावे? घरातल्या माणसांना वाटते की मी अंगचोरपणा करते आहे. ते तसे बोलून दाखवत नाहीत, पण कळते.

निवृत्त फिजिशियन, फोंडा

ताई, प्रथम एक स्पष्ट करतो. मी आपल्याला तपासलेले नाही, त्यामुळे हे उपचारपत्र नव्हे. तरीही आपण इतके नेमके लिहिले आहे की काही गोष्टी ठामपणे सांगता येतात, आणि पहिली गोष्ट अशी की पाटल्या कपाटातच राहू द्याव्यात.

अमेरिकेतील डॉक्टरांनी रक्त न तपासता औषध दिले, हे योग्यच झाले. पसरत जाणारा तो डाग हीच लाइमची खूण असते, आणि त्या सुरुवातीच्या दिवसांत प्रतिपिंडे तयार झालेली नसल्यामुळे रक्ततपासणी बऱ्याचदा नकारात्मकच येते. उलट एकदा तयार झालेली प्रतिपिंडे आजार बरा झाल्यावरही कित्येक वर्षे रक्तात राहतात. त्यामुळे आपले ७,२०० रुपये ज्या अहवालावर गेले, त्याने केवळ आपल्याला लाइम होऊन गेला एवढेच सांगितले, आणि ते तर आपल्याला आधीच ठाऊक होते. जंतू आज जिवंत आहेत की नाहीत, याचे उत्तर त्या तपासणीत नसते. ती पुन्हा करून आकडा कमी झाला का हे पाहण्यातही अर्थ नाही.

आपल्याला होत असलेला त्रास मात्र खरा आहे आणि त्याला नावही आहे. योग्य उपचार घेतलेल्या लाइमच्या रुग्णांपैकी साधारण ५ ते १० टक्के जणांना थकवा, अंगदुखी आणि एकाग्रतेचा अभाव सहा महिन्यांहून अधिक काळ जाणवतो. त्याला उपचारोत्तर लाइम लक्षणसमूह म्हणतात. हे का घडते याविषयी मतभेद आहेत. जंतूंच्या मृत अवशेषांना शरीराची प्रतिकारयंत्रणा प्रतिसाद देत राहते, असा एक विचार आहे. पण अधिक प्रतिजैविके दिल्याने हा त्रास कमी होतो का, हा प्रश्न नीट तपासला गेला आहे. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांमध्ये काही रुग्णांना ३० दिवस शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि त्यानंतर ६० दिवस डॉक्सिसायक्लिन देण्यात आले, तर इतरांना औषध नसलेले नुसते द्रावण आणि औषध नसलेल्या गोळ्या. दोन्ही गटांत जवळजवळ सारख्याच प्रमाणात लोकांना बरे वाटले. नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही बारा आठवड्यांच्या जादा औषधांचा काही लाभ दिसला नाही. तोटे मात्र दिसलेले आहेत. शिरेत आठवडेच्या आठवडे ठेवलेल्या नळीतून रक्तात जंतुसंसर्ग होतो, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनमुळे पित्ताशयात गाळ साचतो, आणि आतड्यातील उपयुक्त जंतू मेल्यामुळे चिवट अतिसार मागे लागू शकतो.

कॅल्शियमविषयी आपली शंका रास्त आहे. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या डॉक्सिसायक्लिनबरोबर घेतल्यास औषध कमी शोषले जाते, म्हणून दोहोंत काही तासांचे अंतर ठेवायला सांगतात. तथापि आपला डाग गेला आणि ताप उतरला, म्हणजे पुरेसे औषध पोटात गेले असावे असे मानायला जागा आहे. ही बाब पुढच्या डॉक्टरांना अवश्य सांगावी. फार तर ते गोळ्यांचा एक छोटा क्रम पुन्हा देण्याचा विचार करतील, जो काही शे रुपयांत होतो. त्यावरून सहा आठवड्यांच्या इंजेक्शनांचे समर्थन होत नाही.

आता एक भेद नीट लक्षात घ्यावा. गुडघा दुखणे वेगळे आणि गुडघा सुजणे वेगळे. लाइमच्या संधिवातात गुडघा डोळ्यांना दिसेल इतका फुगतो, आत पाणी भरते, आणि वेदना त्या मानाने कमी असते. तसे असेल तर २८ दिवसांच्या गोळ्या देतात आणि तो उपचार मान्यताप्राप्त आहे. त्याचप्रमाणे चेहरा एका बाजूने लुळा पडणे, भोवळ येऊन शुद्ध हरपणे किंवा नाडीचे ठोके अतिशय मंदावणे यांपैकी काही झाल्यास तडक इस्पितळ गाठावे. आपल्या पत्रात यांतले काही दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ५८व्या वर्षी थकवा आणि गुडघेदुखी आहे म्हणून सगळा दोष लाइमच्या माथी मारता येत नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, जीवनसत्त्व ब-१२ आणि ड, तसेच संधिवाताच्या प्राथमिक तपासण्या झाल्या आहेत का? आपण घोरता का आणि झोपेत श्वास अडखळतो का, हे यजमानांना विचारावे. माझ्या अनुभवात एखाद्या आजाराचे विलायती नाव एकदा कागदावर पडले की नंतरचे डॉक्टर साध्या कारणांचा शोध घेणेच सोडून देतात.

राहता राहिला अंगचोरपणा. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचे गाव आहे, त्यावरूनच या आजाराचे नाव पडले. तेथे १९७५च्या सुमारास अनेक मुलांचे सांधे सुजू लागले, तेव्हा डॉक्टर ते मनावर घेईनात. पॉली मरे या बाईंनी आणि आणखी एका आईने नोंदी ठेवून आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला, म्हणून पुढे संशोधन झाले. जंतू सापडला तो १९८१ साली, विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना, तोही गोचिडीच्या आतड्यात. म्हणजे या आजाराच्या रुग्णांवर अविश्वास दाखवण्याची परंपरा आजाराच्या नावाहून जुनी आहे. आपल्या घरच्यांना एवढे जरूर वाचून दाखवावे.

पेडण्याचा प्रवासी

माझ्या मेव्हण्याला असाच जुनाट थकवा होता. त्याने शरीरशुद्धीचा एकवीस दिवसांचा वनौषधींचा क्रम घेतला आणि त्याला पुष्कळ फरक पडला. खर्च पंचेचाळीस हजार आला, म्हणजे इंजेक्शनांपेक्षा कमीच. हवे असल्यास ताईंना पत्ता कळवतो.

निवृत्त फिजिशियन, फोंडा

आपल्या मेव्हण्यांना बरे वाटले याचा आनंद आहे. पण त्यांना लाइम नव्हता, आणि पावणेदोन लाखांशी तुलना केली की पंचेचाळीस हजार स्वस्त वाटू लागतात, हाच यातला धोका आहे. घटकद्रव्ये न छापलेली चूर्णे घेऊन यकृत बिघडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. पत्ता देऊ नये, अशी विनंती.

सत्तरीचा बागायतदार

बालवाडीताईंना नमस्कार. मला लाइम झालेला नाही. मला २०१६ साली काजूच्या हंगामात माकडताप झाला होता. तोही गोचिडीपासूनच होतो, पण तो विषाणू आहे आणि लाइमचा जंतू जीवाणू आहे, त्यामुळे दोहोंचे औषध एक नाही. किंबहुना माकडतापावर नेमके औषधच नाही, फक्त आधार देऊन रुग्णाला सांभाळतात. सत्तरीत हा ताप पाली गावात २०१५ साली प्रथम आढळला, त्यानंतर काजू गोळा करायला जाताना पायांना गोचीड दूर ठेवणारे डीएमपी तेल लावणे हा आमच्याकडे रिवाजच झाला. हे सर्व सांगण्याचे कारण एवढेच की ताप उतरल्यानंतरच्या दिवसांविषयी मला थोडे बोलता येईल.

ताप दोन आठवड्यांत गेला, पण पुढचे सात महिने मी निम्मा माणूस होतो. पहिली चूक अशी केली की एखाद्या दिवशी जरा बरे वाटले की त्याच दिवशी माडांना पाणी, बोंडू वेचणे, बाजार, सगळे उरकून घ्यायचो आणि मग चार दिवस अंथरुणावर. त्यानंतर दुसरी चूक केली, ती म्हणजे घाबरून काहीच करायचे नाही असे ठरवले. दीड महिना पडून राहिलो तर मांड्या काठीसारख्या झाल्या आणि पायऱ्या चढवेनात. वाळपईच्या आरोग्य केंद्रातल्या एका डॉक्टरबाईंनी मला जे सांगितले ते एका वाक्यात माझ्या डोक्यात बसले. त्या म्हणाल्या, तुमच्या विहिरीचा पाझर सध्या बारीक झाला आहे. रोज तळ दिसेपर्यंत उपसा करू नका आणि रहाट बंदही करू नका.

मग मी एका जुन्या वहीत लिहू लागलो की कोणत्या दिवशी काय केले आणि दुसऱ्या दिवशी कसे वाटले. दहा मिनिटे चालणे दोन आठवडे, नंतर बारा मिनिटे, नंतर पंधरा. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आले तर पुन्हा मागच्या पायरीवर. बारा मिनिटांना काय चालणे म्हणायचे, असे वाटून माझी मलाच लाज वाटायची. पण ती वही अजून ठेवली आहे, आणि तिच्यात सातव्या महिन्याच्या एका पानावर घरापासून म्हादईच्या पुलापर्यंत जाऊन आल्याची नोंद आहे.

घरच्यांविषयी माझा उपाय थोडा लबाडीचा होता. तीच वही मी मुद्दाम जेवणाच्या मेजावर उघडी ठेवायचो.

इस्पितळात तीस वर्षे, म्हापसा

मी परिचारिका म्हणून निवृत्त झाले. औषधांविषयी डॉक्टरसाहेबांनी सांगितले आहेच. मी रांग, कागद आणि पैसे यांविषयी लिहिते, कारण अर्धी दमछाक तेथेच होते.

ताई, आपल्याला मुंबई किंवा बंगळूरू गाठण्याची गरज दिसत नाही. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, मेडिसिन विभागाच्या बाह्यरुग्ण विभागात आपण दाखवावे. गोमंतकीयांना तेथील बहुतेक सेवा विनामूल्य मिळतात आणि डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या तपासण्या तेथेच होतील. गोमेकॉ लांब पडत असेल तर म्हापशाच्या जिल्हा इस्पितळापासून, म्हणजे आपण अजून ज्याला आझिलो म्हणतो तेथून, सुरुवात करावी. गरज भासल्यास तेच पुढे चिठ्ठी देतात. सकाळी लवकर जावे, ओळखपत्र व रहिवासाचा पुरावा न्यावा आणि बरोबर एक माणूस असावा. थकलेल्या रुग्णाने रांगेत उभे राहू नये, रांगेत माणूस उभा करावा.

कागदांचे असे करावे. अमेरिकेतल्या डॉक्टरांचे टिपण मुलीकडून मागवून घ्यावे. डागाचे छायाचित्र कोणी काढले असेल तर ते फार मोलाचे आहे, छापून न्यावे. त्यानंतर स्वतः एका पानावर, एकाच पानावर, तारखांसकट सगळी हकिकत लिहावी : डाग कधी, गोळ्या कोणत्या व किती दिवस, कॅल्शियमची गोष्ट, आता काय होते, आणि आतापर्यंत कोणत्या तपासण्या झाल्या. गर्दीच्या दिवशी डॉक्टरांच्या हाती आपल्यासाठी मोजकी मिनिटे असतात. जाडजूड फाइल त्यांत चाळून होत नाही, पान वाचून होते. गोव्यातल्या डॉक्टरांनी लाइमचा रुग्ण क्वचितच पाहिलेला असणार. भारतात तो ईशान्येकडे आणि केरळच्या वायनाडकडे नोंदला गेला आहे, पण आपल्याकडे गोचिडीचा ताप म्हटले की माकडतापच डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे आजार पेन्सिल्व्हेनियात झाला हे वाक्य पानाच्या अगदी वर लिहावे.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आपल्याकडे असेलच. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, पण ते इस्पितळात दाखल होऊन घेतलेल्या, यादीत समाविष्ट असलेल्या उपचारांसाठी. बाह्यरुग्ण तपासणी, गोळ्या, प्रयोगशाळेचे खर्च यांसाठी त्या कार्डाचा भरवसा धरू नये. कोणी कार्डावर सगळे बसवून देतो असे म्हणाले, तर कोणत्या उपचाराच्या नावाखाली बसवणार हे आधी लेखी मागावे. कायमच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घ्याव्यात. तेथे औषधाच्या मूळ नावाने चिठ्ठी लागते, म्हणून डॉक्टरांना तसे लिहून द्यायला सांगावे. संकोच करू नये.

बाकी दोनच गोष्टी. गोमेकॉत फिजिओथेरपी विभाग आहे. आठवड्यातून एकदा जाऊन व्यायाम शिकून घ्यावेत आणि घरी करावेत, रोज कदंब बसचा प्रवास करून तो लाभ घालवू नये. दुसरी गोष्ट सांगताना लोकांना राग येतो, तरी सांगते. विसरणे आणि न लागणारी गाढ झोप यांसाठी बांबोळीलाच असलेल्या मनोविकार संस्थेत पाठवले, तर आपल्याला वेडे ठरवले असे समजू नये. दीर्घ दुखण्यात मन खचते, खचलेल्या मनाला वेदना अधिक टोचते, आणि झोपेवर व वेदनेवर अल्प मात्रेत दिली जाणारी काही औषधे त्याच विभागातली असतात. मी स्वतः पाठीच्या दुखण्यासाठी तेथे सहा महिने गेले आहे. माझ्या शेजारणींना हे अजून ठाऊक नाही, एवढीच काय ती गंमत.

बालवाडीताई, डिचोली

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण काहीतरी करून मगच लिहावे असे ठरवले होते.

मुलीच्या फोनमध्ये डागाचे छायाचित्र सापडले. ते आणि एका पानाची हकिकत घेऊन आम्ही गोमेकॉत गेलो. यजमान रांगेत आणि मी बाकावर. तेथील तरुण डॉक्टरांनी छायाचित्र पाहून आपल्या वरिष्ठांना बोलावले, त्यांनी आणखी दोन विद्यार्थ्यांना बोलावले आणि माझ्या गुडघ्यामागच्या त्या डागावर पाच मिनिटे छोटासा वर्गच भरला. मला जरा लाजल्यासारखे झाले, पण चौदा महिन्यांत प्रथमच कोणीतरी माझ्या दुखण्याकडे कुतूहलाने पाहत होते.

गुडघ्यांत पाणी नाही. क्ष-किरणात झीज दिसली, ती वयाप्रमाणे आहे असे म्हणाले. थायरॉइड ठीक आहे, परंतु ब-१२ बरेच कमी निघाले आणि हिमोग्लोबिनही कमी आहे. आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे त्यांना नवल वाटले नाही. ब-१२ची इंजेक्शने सुरू झाली आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितले की यामुळे सगळाच त्रास जाईल असे नाही, काही भाग लाइमनंतरचा असू शकतो आणि त्याला महिने लागतील. शिरेतून प्रतिजैविके देण्यास त्यांनी ठाम नकार दिला. कॅल्शियमचे सांगितले तेव्हा वरिष्ठ डॉक्टर क्षणभर विचारात पडले, पण पुन्हा गोळ्या देण्याची गरज आज दिसत नाही, गुडघा सुजला तर त्याच दिवशी यावे, असे म्हणाले. दोन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. आतापर्यंतचा खर्च बसभाडे आणि कॅन्टीनमधील दोन चहा एवढाच झाला.

मनोविकार संस्थेची चिठ्ठीही मिळाली आहे. ती अजून पर्समध्येच आहे. जाईन, पण थोडा धीर गोळा करते आहे.

बागायतदार भाऊंच्या सांगण्याप्रमाणे वही सुरू केली. दुकानातलीच चाळीस पानी घेतली. यजमानांनी पैसे घेतले नाहीत. पहिल्या आठवड्यात घरापासून कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत आठ मिनिटे चालले. सोमवारी गणपतीची साफसफाई म्हणून माळ्यावरची भांडी काढली आणि मंगळवार-बुधवार आडवी होते, तेही खाली लिहून ठेवले आहे. आज सकाळी पाहिले तर त्या नोंदीसमोर यजमानांच्या अक्षरात लिहिलेले होते : भांडी मी घासतो.